कानबाईचा नारळ फोडायचा कधी?

मागच्या वर्षी कानबाईच्या पूजेत, ऐन आरतीच्या आधी, आमच्या पुतण्याने मोठ्याने विचारलं, "काकू, हा नारळ फोडायचा कधी?" पुण्यात वाढलेलं दहा वर्षांचं पोरगं, त्याने आजवर बघितलेले सगळे नारळ एकतर चटणीत गेलेले नाहीतर नव्या गाडीच्या चाकापुढे फुटलेले, त्यामुळे त्याचं काही चुकलं नव्हतं. पण खोलीत एकदम चिडीचूप. मग कोपऱ्यातून मोठी माय, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, हसून म्हणाल्या, "दादा, हाई नारय फोडानं नही, हाई माय शे." त्याला अहिराणी, म्हणजे आमची खानदेशी बोली, निम्मी-अर्धी कळते. त्याने परत एकदा बघितलं, नारळाला नथ, नारळाला डोळे, नारळाला हिरवी साडी, गळ्यात मंगळसूत्र, आणि माझ्या कानात म्हणाला, म्हणजे नारळच देवी आहे का नारळात देवी आहे?

मी म्हटलं नंतर सांगते. ते नंतर म्हणजे हे, आणि त्याच्याबरोबर बाकीच्यांसाठीपण, कारण खानदेशाबाहेर कानबाई म्हटलं की लोक "कोण?" असंच विचारतात.

तर बेसिक असं की खानदेश म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार, आणि बोली-चालीरीती बघितल्या तर मालेगाव, सटाणा, कळवणकडचा पट्टापण त्यातच धरायचा. इकडे श्रावणात नागपंचमी झाली की जो पहिला रविवार येतो तो कानबाईचा. रविवारी बसते, रात्रभर आपल्याला जागवते, सोमवारी जाते. कुणी कानबाई म्हणतं, कुणी कानुबाई. बसते ती घरात, आणि घर म्हणजे फ्लॅटमधलं चौकोनी कुटुंब नाही, अख्खे भाऊबंद. मराठीत भाऊबंदकी हा शब्द आता फक्त बांधाच्या भांडणापुरता उरलाय, पण कानबाईच्या रविवारी वर्षभर एकमेकांशी न बोलणारे दोन चुलतभाऊ एकाच चौरंगाला केळीचे खांब बांधताना मी स्वतः बघितलेत. (मंगळवारपासून परत बंद, ते सोडा.)

आता देवी कोण? आमच्या घरात कानबाईची पोथी नाही, गुरुजीपण लागत नाहीत, सगळं बायकांच्या गाण्यात आणि "असंच करतात" ह्या दोन शब्दांत आहे. त्यामुळे ती कोण ह्याची उत्तरंपण घरागणिक वेगळी मिळतात. एक उत्तर कृष्णाकडे जातं, कान्हाची ती कानबाई, कुणी राधा म्हणतं कुणी रुक्मिणी, आणि खानदेशात अहिरांची जुनी वस्ती, अहिराणीचं नावच त्यांच्यावरून आलं असं सांगतात, गाई राखणारे लोक, म्हणून कृष्ण लागतो. साक्रीजवळून कान नावाची नदीपण वाहते, नावावरून नातं जोडायचा मोह होतो, पण नुसत्या नावावर नाती जोडायला लागलं तर थांबायचं कुठे.

मला स्वतःला दुसरा धागा जास्त पटतो, सूर्याचा. एक तर वार रविवार. आणि कानबाईचं नाव पुष्कळदा एकटं येत नाही, जोडीने येतं, कानबाई-रानबाई. आता ही रानबाई कोण, तर श्रावणातल्या कहाण्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना रविवारची आदित्यराणूबाई आठवेल, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही" वाली. आदित्य म्हणजे सूर्य आणि राणूबाई त्याची बायको. सातपुडा ओलांडून निमाडात गेलात तर तिथे गणगौरीला रनुबाई आणि धणियर राजा पूजतात, तिथेही तो राजा म्हणजे सूर्यच. आणि गुजरातेत सूर्याची बायको रांदल. तिकडे लग्नात किंवा डोहाळजेवणाच्या वेळी "रांदलचे लोटे" बोलावतात, म्हणजे लोट्यावर नारळ, नारळाला डोळे, साडी, दागिने. सुरतेला आमच्या नात्यातल्या एका बाईने शेजारच्या गुजराती घरी पहिल्यांदा रांदल बघितली तर ती म्हणे, अरे ही तर आपली कानबाई! मत्स्यपुराणात सूर्याच्या बायकांची नावं दिलीत, संज्ञा, राज्ञी आणि प्रभा. राज्ञीचंच पुढे राणी झालं हे तर आपल्याला शाळेतच शिकवलंय, मग राणूबाई, रनुबाई, रानबाई सगळ्या एका ओळीत उभ्या राहतात. म्हणजे गुजरात, खानदेश, निमाड हा सगळा तापी-नर्मदेचा पट्टा एकाच बाईला वेगवेगळ्या नावाने हाक मारतोय असं धरलं तर फार चुकीचं होणार नाही. शेतकऱ्याच्या हिशोबाने बघा ना, श्रावण म्हणजे ढगांचा महिना, पीक गुडघ्या-मांडीएवढं आलेलं, आता त्याला ऊन पाहिजे पण होरपळ नको. सूर्याला डायरेक्ट सांगायची सोय नाही, मग घरातल्या बाईमार्फत सांगायचं, आपल्याकडे बापाकडून काही मंजूर करून घ्यायचं असलं की आईकडेच जातात तसं.

आता पुतण्याचा प्रश्न. नारळच देवी का नारळात देवी.

पूजेची मांडणी अशी की चौरंग, चारी कोपऱ्यांना केळीचे खांब (केळीला इकडे तोटा नाही, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय), चौरंगावर धान्य, धान्यावर पाण्याने भरलेला कलश, त्यात पानं, वर नारळ. नारळ सोडला तर हे सगळं तुम्ही सत्यनारायणातपण बघितलेलं आहे. फक्त आपण नीट बघत नाही. कलशाची पूजा करताना गुरुजी जो श्लोक भरभर म्हणतात त्याचा अर्थ असा आहे की कलशाच्या तोंडाशी विष्णू, गळ्याशी रुद्र, बुडाशी ब्रह्मा, आणि मध्ये, म्हणजे पोटात, मातृगण. सगळ्या आया पोटात. पुढे म्हटलंय की त्याच पोटात सगळे समुद्र आणि सगळी पृथ्वी. म्हणजे कलश हे भांडं नाहीये, गरोदर बाईचं पोट आहे. खाली धान्य म्हणजे माती, आत पाणी म्हणजे गर्भातलं पाणी, वर पानं म्हणजे उगवलेलं. घटस्थापनेला आपण मातीत धान्य पेरून घट ठेवतो तेही हेच, फक्त तिथे नऊ दिवस मिळतात म्हणून अंकूर डोळ्याला दिसतो, इथे एका रात्रीत सगळं उरकायचंय म्हणून नुसती खूण.

आणि ह्या पोटावर डोकं पाहिजे. ते डोकं नारळ. का नारळच? तर एक साधी गोष्ट, त्याला चेहरा आधीपासून आहे. शेंडी सोलली की तीन डोळे दिसतात, दोन कडक बंद, एक मऊ, आणि कोंब येतो तो त्या मऊ डोळ्यातूनच. बाहेरून लाकडासारखा, आत पाणी, आणि ते पाणी बाहेरच्या हवेने न शिवलेलं. ज्याने कुणी पहिल्यांदा नारळाला देवीचं डोकं म्हटलं त्याने भरपूर वेळ नारळाकडे बघत घालवला असणार. गंमत म्हणजे आमच्याकडे कापूस, केळी, ज्वारी, बाजरी, भुईमूग सगळं पिकतं पण नारळ पिकत नाही, तो बाहेरूनच येतो. म्हणजे खांब माहेरचे आणि देवी पाहुणी.

आता मुख्य फरक. बाकी पूजेतला नारळ एक तर फुटतो किंवा पाण्यात सोडला जातो. कानबाईचा नारळ पिढ्यान्‌पिढ्या तोच. वर्षभर कपड्यात गुंडाळून उंच जागी ठेवायचा आणि श्रावणात काढायचा. आमचा किती जुना ते कुणाला माहीत नाही, मोठी माय लग्न होऊन आल्या तेव्हा हाच होता असं त्या सांगतात आणि त्या आता नव्वदीला टेकल्यात. त्यातलं पाणी कधीच आटलंय, खोबऱ्याचा गोटा सुटून आत वाजतो, खुळखुळ्यासारखा. लहानपणी माहेरी आम्ही बहिणी कानाला लावून ऐकायचो आणि आईचा धपाटा खायचो. काही घरांत ह्या नारळाचं रीतसर लग्नसुद्धा लावतात, परनेल कानबाई म्हणतात तिला, परणणं म्हणजे लग्न करणं.

तर नारळच देवी का? ह्याला शास्त्राचं उत्तर आवाहन आणि विसर्जन ह्या दोन शब्दांत आहे. आवाहन म्हणजे ये म्हणणं. आपण ज्याला मूर्तिपूजा म्हणतो त्यात मूर्ती ही देवाची बसायची जागा असते, आधी बोलवायचं, मग बसायला द्यायचं, पाय धुवायचे, पाणी, आंघोळ, कपडे, जेवण, विडा, आणि शेवटी निरोप. षोडशोपचार म्हणजे सोळा गोष्टी आणि त्या सोळाच्या सोळा घरी पाहुणी आल्यावर आपण करतो त्याच आहेत, यादी काढून बघा. म्हणजे शास्त्र म्हणतं नारळात देवी, काही वेळापुरती. पण मोठी माय म्हणतात नारळ हीच माय, वर्षभर. कारण त्या नारळाला हात लावलेली एकेक बाई त्यांना आठवते, सासू, सासूची सासू, बाळंतपणात गेलेली जाऊ. त्यांच्यासाठी तो नारळ रिकामा कधी होतच नाही. मला विचाराल तर दोन्ही बरोबर. तुमच्या घरातली जुनी खुर्ची बघा, आजोबा गेल्यावरपण त्यांच्या खुर्चीत कुणी पटकन बसत नाही ना, मग खुर्ची आजोबा आहे का? नाही. मग बसा की. तर नाही बसवत.

आणि हे फक्त खानदेशाचं नाही. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत वरलक्ष्मीचं व्रत असतं, तेही श्रावणात, पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी, तिथेही कलश, त्यावर नारळ, त्याला चांदीचा किंवा हळदीचा चेहरा, साडी. कुणी कुणाकडून घेतलं ह्यात मी पडत नाही. पावसाळ्यात, पेरलेलं हाताशी यायच्या आधी, भरलेल्या भांड्याला बाई मानून तिच्यासमोर हात जोडायचे, हे एवढ्या लांबलांबच्या बायकांना सुचलंय.

आता रोट. खरं सांगायचं तर मला कानबाईत सगळ्यात जास्त इंटरेस्ट रोटात आहे, आणि फक्त खाण्यासाठी नाही.

रोट म्हणजे देवीच्या नैवेद्याचं धान्य आणि त्याचं जे जे करतात ते सगळं. आमच्याकडे पद्धत अशी की भाऊबंदांमधल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे. म्हातारा असो का पाळण्यातला, नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ टाकायची. कुणाकडे मुठीच्या जागी शेर किंवा पायली असते, पण "सव्वा" सुटत नाही. सव्वाच का? कारण पूर्ण म्हणजे संपलं. सव्वा म्हणजे पूर्ण होऊन वर थोडं उरलं, म्हणजे पुढच्या वर्षाची सुरुवात आजच करून ठेवली. सव्वा रुपया, एकशे एकचं पाकीट, सगळ्याचं लॉजिक तेच. मग त्यात हरभऱ्याची डाळ मिसळायची, आणि चक्कीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, तो चक्की झाडून-पुसून साफ करून मगच रोटाचं दळण घेतो, मधे दुसऱ्या कुणाचं पीठ त्यात यायला नको. नैवेद्यात मग पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, भजी, कुरडई, वरून रस्सी, म्हणजे पुरणाच्या कटाची आमटी. हे लक्षात घ्या की जुन्या खानदेशात रोजचं जेवण ज्वारी-बाजरीची भाकरी, गहू सणालाच. त्यामुळे पावसाळ्यात, कणगी तळाला गेलेली असताना, घरातले राखून ठेवलेले गहू सगळ्यांच्या नावाने बाहेर काढणं ही काही हौस नव्हती.

आता ह्याच्या शेजारी देवीमाहात्म्य ठेवून बघा. देवीमाहात्म्य म्हणजेच सप्तशती, मार्कंडेय पुराणातले १३ अध्याय, ७०० श्लोक. त्यातल्या दुसऱ्या अध्यायात महिषासुराने देवांना स्वर्गातून हाकललेलं आहे आणि एकट्या कुणाच्याच हातात काही राहिलेलं नाहीये. तर सगळे देव एकत्र जमतात, प्रत्येकाच्या शरीरातून तेज निघतं, आणि ते सगळं तेज एका जागी गोळा होऊन त्याची बाई होते. शंकराच्या तेजाचं तोंड, विष्णूच्या तेजाचे हात, यमाच्या तेजाचे केस, वायूच्या तेजाचे कान, अग्नीच्या तेजाचे तीन डोळे. मग प्रत्येकजण आपापलं हत्यार देतो, शंकर त्रिशूळ, विष्णू चक्र, इंद्र वज्र आणि घंटा, हिमालय सिंह देतो. आपल्याला हत्यारं आणि लढाई लक्षात राहते, सिरीयलमध्येपण तेच दाखवतात. पण मुळात तिथे काय झालंय तर वर्गणी जमलीये. कुणा एकाची देवी नाही ती, सगळ्यांनी आपापला वाटा काढून दिला तेव्हा ती उभी राहिली.

आणि आमच्या ओसरीत सुपात काय चाललेलं असतं? एकेक नाव आणि सव्वा सव्वा मूठ. सुरतेच्या दिनूची सव्वा मूठ, नाशिकच्या अण्णाची, जो मुंबईला गेल्यापासून फोनपण उचलत नाही त्याची सुद्धा. तो आला नाही तरी त्याची मूठ टाकतातच. ढीग झाला की त्यात कुठला दाणा कुणाचा ते ओळखता येत नाही. मला हे ज्या वर्षी क्लिक झालं त्या वर्षापासून मला सप्तशतीतली गोष्ट लांबची वाटत नाही, तिथे तेज जमलं इथे गहू जमतात, देवी व्हायची रीत एकच. त्याच ग्रंथात पुढे अकराव्या अध्यायात देवी म्हणते की पाऊस पडणार नाही तेव्हा मी माझ्याच अंगातून भाज्या उगवून जग जगवीन, आणि तेव्हा मला शाकंभरी म्हणतील. कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ज्या घरांत भाजी-भाकरीचा रोट होतो त्यांनी हे वाचलं असो नसो, ताटात ते आहेच.

पण ह्याच सुपावर माझं भांडणपण आहे. मूठ फक्त पुरुषांची. देवी बाई, कलश म्हणजे पोट, दळण-रांधण-गाणी-जागरण सगळं बायकांचं, आणि मोजायची वेळ आली की फक्त बापे. जुनं लॉजिक मला माहितीये, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाते, मग तिची मूठ तिकडे पडणार, कुळ मोजायचं म्हणजे कायम राहणारी डोकी मोजायची. पण मग सुनांची कुठे पडते? कुठेच नाही. आणि रोट खायचे ते कुळातल्यांनीच, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि बऱ्याच घरांत लग्न झालेली लेक बाहेरची. माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या श्रावणात मी अमळनेरला माहेरी गेलेले, कानबाई होऊन दोन दिवस झालेले, सवयीने डबा उघडून रोट तोडला तर आईचा हात मधे आला. ती काही बोलली नाही, मीपण नाही. तिने माझ्यासाठी वेगळ्या कणकेची पोळी लाटायला घेतली आणि पाठ करून लाटत बसली बराच वेळ. वीस वर्षं झाली त्याला. देवी माहेरवाशीण म्हणून येते, तिच्यासाठी रात्रभर जागतात, आणि घरची माहेरवाशीण मात्र वेगळ्या कणकेची. हे दोन्ही एकाच चुलीवर कसं चालतं ते मला आजपर्यंत झेपलेलं नाही.

सासरी आम्ही जावा-जावांनी चार वर्षांपूर्वी मोठ्या मायला विचारलं, पोरींची मूठ टाकू का? आम्हाला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "टाका ना मग, माय काय नही म्हने?" एवढंच. दोन काकांची तोंडं वाकडी झाली, एकाने "रोट नासतील" वगैरे म्हणून बघितलं. नासले नाहीत. तेव्हापासून २७ च्या जागी ४१ मुठी पडतात, सुनांची पण धरून, आणि दळण जड झालं म्हणून तेच काका चक्कीवर दोन फेऱ्या मारतात.

रोटांचा अजून एक नियम म्हणजे ते श्रावणी पौर्णिमेच्या आत संपवायचे, फेकायचे नाहीत, साठवायचे नाहीत. ह्यात दिवस कमी-जास्त होतात. २०२४ ला रविवार ११ ऑगस्टला आला आणि पौर्णिमा १९ ला, आठ दिवस निवांत मिळाले. २०२५ ला रविवार ३ ऑगस्ट, पौर्णिमा ९, सहा दिवस. २०२३ ला अधिक श्रावण होता, त्याच्यानंतरच्या खऱ्या श्रावणात २७ ऑगस्टला कानबाई आणि ३० ला पौर्णिमा, तीनच दिवसांत डबे रिकामे करायचे होते, सकाळ-दुपार-रात्र रोट, पोरं रडायला आलेली. म्हणून मूठ मोजून टाकायची हेही एक कारण असावं असं मला वाटतं, जेवढी तोंडं तेवढंच धान्य, उगाच जास्त नाही.

मधेच लोक विचारतात की तुमची कुलदेवी तर सप्तशृंगी ना, मग कानबाई कशाला? कन्फ्यूजन बरोबर आहे. वणीची सप्तशृंगी म्हणजे साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ, कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धं वणी. अठरा हातांची, सगळ्या हातांत हत्यारं, मान किंचित कललेली, कारण समोरच्या मार्कंड्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती सांगतायत आणि ती ऐकतेय असं म्हणतात. २०२२ मध्ये मूर्तीवरचे शेंदराचे जुने थर काढले तेव्हा खालचं मूळ रूप दिसलं, ज्यांनी जन्मभर शेंदराचाच चेहरा बघितला होता त्यांना ते पचायला जरा वेळ लागला. खानदेश तिचं माहेर मानतात, म्हणून चैत्रात रामनवमी ते पौर्णिमा आमच्याकडची माणसं धुळे-जळगावहून पायी वणीला जातात, चैत्रातलं ऊन, डांबरी रस्ता, पायाला फोड. तर फरक एवढाच की सप्तशृंगीकडे आपण जायचं आणि कानबाईने आपल्याकडे यायचं. एकीला अठरा हात, दुसरीला एकपण नाही. तिचे हात म्हणजे तुम्ही, बसा पुरण वाटत.

रात्रीचं जागरण म्हणजे गाणी, फुगड्या, आणि कुणाकुणाच्या अंगात येणं. गाण्यांत तिला कधी माय म्हणतात कधी लेक, तिला बांगड्या भरतात, साडी नेसवतात, तिचं सासर विचारतात. जागायचं कशाला ह्याला मोठ्या मायचं उत्तर, "एक रातनी पाव्हनी शे, तिले एकलीले कसं ठेवानं?" अंगात येण्याबद्दल मी फार बोलणार नाही, पण वर्षभर ज्या बाईला घरात कुणी दोन मिनिटं ऐकून घेत नाही तिचं त्या रात्री सगळे हात जोडून ऐकतात, हे मी बघितलंय, आणि देवी येते का नाही ह्यापेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं. मात्र आजारी माणसाला घेऊन तिच्यापुढे उपाय विचारायला बसू नका, दवाखान्यात न्या.

सोमवारी सकाळी विसर्जन. चौरंग डोक्यावर घ्यायचा, वाजतगाजत नदीवर, ज्याच्या गावाला जी नदी असेल ती, तापी, पांझरा, गिरणा, बोरी. आता डीजे असतो आणि सुरतेला उधना-लिंबायतच्या बाजूला खानदेशी लोक इतके आहेत की तिथल्या मिरवणुका आमच्या गावापेक्षा मोठ्या. नदीवर आरती होते आणि नारळ पाण्यात बुडवून परत काढतात. पुतण्या इथे परत अडला, विसर्जन केलं तर परत का आणलं? तर विसर्जन म्हणजे बुडवणं नाही, सोडणं, निरोप. पूजेच्या शेवटी "पुनरागमनाय च" म्हणतात, म्हणजे जा, पण परत येण्यासाठी. पाहुणी गेली, तिची खुर्ची घरी आणली, असं त्याला सांगितलं तर लगेच कळलं.

परत येताना त्याच चौरंगावर नदीची ओली वाळू आणतात. रिकाम्या चौरंगाने घरी यायचं नाही. ती वाळू घरात टाकायची, पाण्याच्या माठाखाली ठेवायची, थोडी धान्यात. भरलेला कलश घेऊन गेलो होतो, नदीकडून तिचा तळ घेऊन आलो, अशी ती देवाणघेवाण. २०२५ च्या कानबाईला पुतण्याने हट्टाने वाळूचा चौरंग काही अंतर स्वतः डोक्यावर आणला, अर्धी वाळू कॉलरमधून पाठीत गेली. पुण्याला जाताना त्याच्या आईने चिमूटभर कागदात बांधून दिली. आता फ्लॅटमध्ये माठ कुठून आणायचा, तर त्याने ती पुडी आरओ मशीनच्या खाली चिकटपट्टीने लावलीये. फिल्टर बदलायला माणूस आला की आधी सांगतो म्हणे, दादा, ते काढू नका, ते मशीनचं नाहीये.